छंदाची जीप आणि खारा वारा

जुनी अमेरिकन मोटार बाळगणे हा श्रीमंतांचा षोक, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. या मोटारींचा इतिहास मात्र आपल्या मुंबईतच आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला शेव्हरोलेट गाड्या जुळवायला सुरुवात केली. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे डॉज आणि प्लिमथ तयार होऊ लागल्या. गाडी जुळवणारे हात कामगारांचे आणि मागच्या सीटवर बसणारे शेठ, अशी तेव्हाची वाटणी होती.

खेड्यापाड्यांनी जवळून पाहिलेली अमेरिकन गाडी एकच, ती म्हणजे विलीज जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेली ही गाडी १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढे परवाना घेऊन इथेच बनवली. गावात जीप आली म्हणजे साहेब आला, हे समीकरण मागच्या पिढीला चांगले आठवत असेल. आज तीच जीप आपल्या मांगरात उभी असावी, असे एखाद्या तरुणाला वाटले तर त्यात आम्हाला गैर काही दिसत नाही. पण तो तरुण तारकर्लीसारख्या गावचा असेल, तर त्याला चार गोष्टी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. तारकर्लीला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. इथे नवा पत्रासुद्धा लवकर गंजतो, तिथे जुन्या जीपची काय कथा! म्हणून घेताना चकचकीत रंगाला भुलू नका. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटणार नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून जाड लांबी भरलेली आहे असे समजा. मग गाडीखाली शिरून चासी पाहा, हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे गळले तर पुढे बोलणी करू नका. इंजिन उघडून दुरुस्त होते, कुजलेली चासी मात्र घर विकायला लावते.

दुसरी गोष्ट कागदांची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आपल्याकडे कित्येक जीपांचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले असते. तेव्हा आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवर ताडून पाहा. विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तारकर्लीत पर्यटक येतात, तेव्हा ‘त्यांना फिरवून पैसे वसूल करू’ हा विचार मनात येतोच. ‘व्हीए’ नंबरची गाडी धंद्याला वापरता येत नाही, रोजच्या वापरालाही नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. म्हणजे ही गाडी कमावणार नाही. तेव्हा कर्ज काढून किंवा मुलीच्या फीचे पैसे मोडून ती घेऊ नये. घरात सगळ्यांना बसवून, विशेषतः घरातील बाईला विचारून, मगच निर्णय करावा. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

चौथी गोष्ट निगेची. गाडी वाळूत किंवा लाटांत नेऊ नका. खारे पाणी पाट्यांत आणि ब्रेकमध्ये शिरले की गंज आलाच. गाडी रस्त्यावरून फिरवून आणली तरी खालून गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते यासाठी वापरू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. म्हणून नळ्या बदलून घ्या आणि पावसाळाभर जुने पेट्रोल टाकीत साचू देऊ नका.

एवढे सांभाळले तर आनंदही भरपूर आहे. विलीजचे इंजिन चार सिलिंडरचे, साधेसरळ. बोनेट उघडले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग सारे समोर दिसते. पॉइंट घासून गॅप लावली आणि रुसलेले इंजिन पुन्हा धडधडू लागले, की होणारे समाधान विकत मिळत नाही. जुन्या मिस्त्रींच्या हातात ही विद्या आहे. ती वहीत उतरून घ्या, मुलांना शिकवा आणि मुलींच्या हातीही पाना द्या. ज्या गाडीकडे आपल्या वडीलधाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले, तिचे इंजिन आपली मुलगी खोलून पुन्हा जोडते, यासाठी थोडा खर्च झाला तर तो आम्ही वाया गेला असे म्हणणार नाही.