आगबोट आणि तीन पिढ्या

मंडळी, भारतातून आई-बाबा आले की नायगारा, वॉशिंग्टन आणि डिस्ने वर्ल्ड ही आपली यात्रा ठरलेली. चौथं धाम ज्याच्या त्याच्या सोयीने!

आम्हीही १९९४ साली आईंना घेऊन ओरलँडोला गेलो होतो. गाडीत दशम्या, चटणी आणि चिवड्याचा डबा. धडधडत वर-खाली जाणाऱ्या गाड्यांना आईंनी लांबूनच नमस्कार केला. पण मॅजिक किंग्डममधल्या पांढऱ्या आगबोटीत मात्र त्या नातवंडांना घेऊन ऐटीत बसल्या. "आम्ही भाऊच्या धक्क्यावरून अशाच बोटीने कोकणात जायचो," म्हणून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. फेरी संपली तरी उतरायला तयार नव्हत्या.

ती आगबोट जुलै २०२५ मध्ये कायमची थांबली. तिच्या नदीच्या जागी 'कार्स' चित्रपटावरचा नवा भाग होतो आहे. बातमी वाचली आणि घरात थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

धंदा म्हटला की बदल आलाच, हे आम्हालाही कळतं. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख बाळं जन्मली, २०२३ साली सुमारे ३६ लाख. मुलंच कमी, तर मुलांच्या जत्रेने जगायचं कसं? त्यामुळे मुलं नसलेली जोडपी आणि मोठी माणसं यांच्याकडे लक्ष वळलं. मॅजिक किंग्डममध्ये पूर्वी दारू मिळत नसे. २०१२ मध्ये तिथल्या एका हॉटेलात बिअर आणि वाइन सुरू झाली. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात युनिव्हर्सलने ओरलँडोतच 'एपिक युनिव्हर्स' हे नवं पार्क उघडलं. म्हणजे स्पर्धा दारातच!

दुसरा मार्ग म्हणजे कमी लोकांकडून जास्त पैसे. १९७१ मध्ये प्रवेश साडेतीन डॉलर होता. राइडची तिकिटं वेगळी असत, हे खरं. पण डिसेंबर २०२२ मध्ये गर्दीच्या दिवसाचं तिकीट १८९ डॉलरवर गेलं. रांग टाळायची सोय १९९९ पासून फुकट होती, तिलाही २०२१ पासून पैसे पडू लागले. पण श्रीमंत गिऱ्हाईकही काही अक्षयपात्र नव्हे. 'स्टार वॉर्स'चं अंतराळयान-हॉटेल मार्च २०२२ मध्ये उघडलं. दोन रात्रींचे चौघांना सुमारे सहा हजार डॉलर! सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ते बंदही झालं.

वॉल्ट डिस्ने सांगत असत, की मुली मेरी-गो-राउंडवर बसल्या की आपण बाकावर शेंगदाणे खात बसून राहायचो. तिथेच आई-बाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा हवी, असं मनात आलं. आमच्या मते खरी मेख इथेच आहे. आज तिशी-चाळिशीतली माणसं हौसेने तिथे जातात, कारण पाचव्या वर्षी कुणीतरी बोट धरून नेलं होतं. आज जे पाच वर्षांचं मूल खर्चापायी घरीच राहील, ते पंचवीस वर्षांनी कशाच्या ओढीने जाईल? आजचा गल्ला भरताना उद्याचं गिऱ्हाईक हातचं जातं, ते असं.

आणि आजी? तिला वेग नको, उंची नको. नातवंडांच्या शेजारी बसून एखादी गोष्ट सांगता आली की झालं. हिशेबाच्या वहीत तिचं खातं नसतं. पण ती बोट आमच्या मुलांच्या लक्षात राहिली ती तिच्यामुळे.

हाच हिशेब आपल्या गणेशोत्सवालाही लागू आहे. हॉलचं भाडं वाढलंय, कलाकारांचं मानधन वाढलंय, तिकीटही वाढणारच. पण लहान मुलांना आणि आजी-आजोबांना फुकट प्रवेश ठेवावा आणि पहिल्या अंकाआधी अर्धा तास फक्त नातवंडांचा असावा, असं आम्हाला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.