सरासरीचा भाजक

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें सायकलीवरील लहानसें यंत्र व आपला मोबाइल आमच्यापुढें ठेवून म्हटलें, "काका, या दोहोंपैकीं एक खोटें बोलत आहे." नेरळहून माथेरानच्या रस्त्यानें दस्तुरी नाक्यापर्यंत चढून तो कर्जतास परतला होता. घाटाच्या त्या फेरीची सरासरी शक्ति यंत्र १६० वॅट सांगत होतें, मोबाइलमधील ॲप १२०. दोहोंस माहिती पुरविणारा मापक मात्र एकच.

गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. महिन्यापूर्वीं त्यानें यंत्र पाहण्याचें सोडून हें ॲप धरलें होतें. आकडा उतरलेला पाहून आपला दम घटला असें त्याच्या मनानें घेतलें, आणि विश्रांतीचा दिवसही न पाळतां त्यानें इतके श्रम केले कीं गुडघा सुजला.

आम्हीं कागद घेतला. चढण एक तासाची, सरासरी १६० वॅट. उतारावर २० मिनिटें पाय स्थिर, म्हणजे शक्ति शून्य. १६० वॅट म्हणजे दर सेकंदास १६० जूल. ३,६०० सेकंदांचें काम ५,७६,००० जूल. त्यास चढणीच्याच सेकंदांनीं भागिलें तर १६०. उताराचे १,२०० सेकंद मिळवून ४,८०० नें भागिलें तर १२०. दस्तुरीस चहांत व गप्पांत गेलेलीं ४० मिनिटेंही धरून ७,२०० नें भागिलें तर ८०! काम एक, भाजक तीन, उत्तरें तीन. आणि तिन्ही बरोबर.

भास्कराचार्यांनीं लीलावतीच्या खातव्यवहारांत सांगितलें आहे कीं, खड्ड्याची रुंदी जागोजाग सारखी नसल्यास अनेक स्थानीं मापें घ्यावीं, त्यांची बेरीज करावी व स्थानांच्या संख्येनें भागावें; येते ती सममिति. आमचा वाद त्या स्थानसंख्येचाच होता. ज्या स्थानीं माप शून्य, तें मोजावें कीं गाळावें?

उत्तर स्वयंपाकघरांतून आलें. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एकादशीला दर माणशीं तांदूळ किती लागले हें काढतांना उपवासाचीं माणसें धरलीं, तर आपलें घर फारच मिताहारी ठरेल!"

गार्मिनच्या सायकल-यंत्रांत शून्यें धरावीं कीं गाळावीं हें ठरविणें स्वाराच्याच हातीं ठेविलेलें आहे. कांहीं ॲपें आणखी निराळा आकडा देतात: अँड्र्यू कॉगन यांच्या रीतीप्रमाणें तीस सेकंदांच्या सरकत्या सरासऱ्यांचे चतुर्थ घात घेऊन, त्यांची सरासरी काढून, तिचें चतुर्थ मूळ घ्यावयाचें. त्यांत जोराच्या क्षणांस अधिक मान मिळतो. म्हणून चढउताराच्या फेरींत तो आकडा साध्या सरासरीहून मोठा येतो. मापकच नसला तर स्ट्रावा हें ॲप वजन, वेग व चढ यांवरून अंदाज बांधतें. वारा समोरून होता कीं पाठीमागून, हें त्यास कळत नाहीं.

वॅट आमच्या मुलुखास नवा नाहीं. खोपोलीस टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं. तेथेंही चक्र फिरतें तेवढ्या वेळाची सरासरी वेगळी व २४ तासांची वेगळी. दुसरी लहान आली म्हणून चक्र दुबळें झालें, असें कोणी म्हणत नाहीं.

हा उपदेश करितां करितां आम्हीं स्वतः मात्र अडखळलों. शाळेंत असतां एके वर्षीं वर्गाच्या गुणांची सरासरी काढतांना आम्हीं परीक्षेस गैरहजर असलेलीं मुलें भाजकांतून गाळिलीं. आदल्या वर्षीं तीं धरिलीं होतीं. सरासरी चढली, आमचें कौतुक झालें, आणि भाजक बदलल्याचें आम्हीं कोणास सांगितलें नाहीं. आकडा खोटा नव्हता. तुलना खोटी होती. पुतण्यानें अजाणतां स्वतःस फसविलें; आम्हीं जाणून दुसऱ्यांस.

तेव्हां शून्यें धरा अथवा गाळा. परंतु एक रीत ठरवून तीच पाळावी, आणि रीत बदलल्यास जुना आकडा नव्याशेजारीं ठेवूं नये. फेरीचें एकूण काम पाहावयाचें तर जूल पाहावे. त्यांस भाजकाची बाधा नाहीं.

पुतण्या आतां वहींत प्रत्येक आकड्यापुढें "शून्यांसह" असें लिहितो. गुडघा बरा होईपर्यंत पुढचें पान मात्र कोरें आहे, आणि तें सरासरींत धरावयाचें नाहीं, असें वहिनींनीं बजाविलें आहे.