मोहाला बाजार मिळाला. रोपे कोण लावणार?

गोंदिया : मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 लागू झाल्यापासून मोहफूल हे वनोपज असूनही संशयाच्या सावलीत राहिले. घरात किती फुले ठेवावीत, कोठे न्यावीत, यावर बंधने होती. राज्य शासनाने 2021 मध्ये ही बंधने शिथिल केली. त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून प्रतिष्ठा देण्याची घोषणा केली. फुलाला बाजार मिळण्याची चिन्हे दिसू लागली, ही समाधानाची बाब आहे. मात्र ज्या झाडावर हा बाजार उभा राहायचा आहे, त्या झाडाच्या पुढच्या पिढीचे काय, हा प्रश्न अद्याप कोणी गांभीर्याने विचारलेला दिसत नाही.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहाखाली फुले वेचणारी कुटुंबे दिसतात. ही झाडे बहुतांशी वाडवडिलांच्या काळातील आहेत. जंगलात आणि धानाच्या बांधांवर जुने मोह उभे आहेत. त्यांच्या सावलीत वाढणारी रोपटी मात्र क्वचितच आढळतात.

याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. फुले सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. त्या आगीत आदल्या पावसाळ्यात उगवलेली रोपे होरपळतात. जी वाचतात, ती गुराढोरांच्या तोंडी जातात. आणि मुळात उगवायला बी उरतेच किती? मोहाची बी, म्हणजेच टोरी, तेलासाठी विकली जाते. जून-जुलैमध्ये ती हाती येते, नेमके तेव्हाच धानाच्या हंगामासाठी रोख पैशाची गरज असते. गरजू कुटुंबाला यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरेल.

बियांचा स्वभाव

धान किंवा तुरीप्रमाणे मोहाचे बी कोठीत साठवून पुढील वर्षी पेरता येत नाही. ते वाळले की मरते. फळ पिकल्यावर गर काढून काही आठवड्यांच्या आतच ते पेरावे लागते. हा काळ म्हणजे रोवणीची धांदल. गावात मजूर मिळत नाही. निधी मंजूर होऊन आदेश निघेपर्यंत पावसाळा सरत असेल, तर त्या वर्षीची पेरणी हुकलीच म्हणून समजावे. शिवाय रोपाचे सोटमूळ झपाट्याने खोल जाते. त्यामुळे लांब पिशवीतच रोप वाढवून पुढील पावसाळ्यात ते जमिनीत लावावे लागते.

बियांपासून वाढलेल्या मोहाला फुलण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात, आणि प्रत्येक झाडाचा बहर सारखा नसतो. याबाबत बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप या वेलीचे उदाहरण उद्बोधक आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात तिची लागवड होते. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. बियांतून निम्म्याच्या आसपास नर निघतात, उपयोग मात्र मादी वेलीच्या फुलोऱ्याचा. म्हणून जगभरचे उत्पादक मुळाच्या तुकड्यांपासूनच लागवड करतात. मोहाच्या प्रत्येक फुलात दोन्ही अंगे असल्याने ती अडचण येथे नाही. तरीही निवडक झाडांची कलमे केल्यास फुले बरीच लवकर येतात. गुजरातेतील गोध्रा येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने या दिशेने काम करून 'थार मधु' हे वाण निवडले आहे.

तथापि, केवळ कलमांवर विसंबणे हिताचे नाही. एकाच झाडाची हजारो कलमे म्हणजे एकाच रोगाला हजारो दारे. जंगलातील विविधता टिकवायची तर बियांची रोपे हवीतच. वटवाघळे टोरीची फळे दूरवर नेऊन हे काम आजवर विनामूल्य करीत आली आहेत.

ग्रामसभांची संधी

वनहक्क कायदा, 2006 ने गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनाच्या संवर्धनाचा अधिकार मान्य केला आहे. या अधिकाराचा वापर केवळ विक्रीपुरता मर्यादित राहू नये. भरघोस फुलणारी काही झाडे बियांसाठी राखून ठेवणे, त्या कुटुंबांना टोरीचा मोबदला देणे, आगीऐवजी झाडाखाली जाळी अंथरणे आणि जूनमध्येच गावात रोपवाटिका सुरू करणे, ही कामे फार खर्चिक नाहीत. रोजगार हमीची जोड मिळाल्यास ती अधिक सुकर होतील. मात्र त्यांची मंजुरी पावसाळ्यापूर्वी मिळाली पाहिजे.

कायदा एका आदेशाने बदलता येतो, मोहाचे झाड तसे उभे करता येत नाही. आज पेरलेल्या टोरीची फुले वेचणारे हात कदाचित आज शाळेच्या पहिल्या इयत्तेत असतील. त्यांच्यासाठी झाड उरावे असे वाटत असेल, तर येत्या जूनमधील थोडी टोरी बाजाराऐवजी मातीत जायला हवी.