वूफर फाटला म्हणून डबा फेकायचा?

आपल्या आयटीवाल्यांची एक गंमत आहे. सोमवार ते शुक्रवार कोड चालेना झाला की लॉग बघतील, एकेक मॉड्यूल वेगळं काढून तपासतील, 'आधी रूट कॉज सांग' म्हणत ज्युनियरचं डोकं खातील. आणि शनिवारी घरच्या स्टिरिओचा एक स्पीकर फरफरायला लागला की? "जाऊ दे रे, जुना झालाय. ब्लूटूथवाला मागवू." संपलं! कुठे गेलं ते डीबगिंग?

अहो, जुन्या स्पीकरमध्ये बहुतेक वेळा वूफर मेलेलाच नसतो. मेलेली असते ती त्याच्या कोनाभोवतीची फोमची कडा. हा फोम पॉलियुरेथेनचा. दमट हवेत तो हळूहळू कुजतो आणि दहा-वीस वर्षांत बोट लावलं की भुगा पडतो. मुंबईची हवा असेल तर बघायलाच नको. मॅग्नेट ठणठणीत, कॉइल ठणठणीत, आणि आपण अख्खा डबा भंगारात घालतो. चप्पलचा अंगठा तुटला म्हणून पाय कापण्यातला प्रकार!

तपासायला लागतो किती वेळ? अर्धा तास. अँप बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर दोष अँपचा किंवा मागच्या जोडणीचा, स्पीकर निर्दोष. तिथेच राहिला तर वूफर काढून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा वूफर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची तार तुटली. मग कोन दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन हलकेच आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय. आणि दोन्ही स्पीकर वाजतायत पण बेसच गायब? एकाचे प्लस-मायनस उलटे लागलेत का ते बघा. खर्च शून्य.

दुसरा राग 'आठ इंची आहे ना, मग बसतंय' म्हणणाऱ्यांवर. भोकात बसतो म्हणून तो वूफर त्या डब्याचा होत नाही, मंडळी. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात गणितानं दाखवून दिलं की वूफर, डब्यातली हवा आणि पोर्ट ही एकच सिस्टिम आहे. एफएस, क्यूटीएस, व्हीएएस जुळले नाहीत, तर मोठ्या मॅग्नेटचा महागडा वूफरसुद्धा एक तर ढबढब करेल नाहीतर बेसच देणार नाही. एपीआय न बघता लायब्ररी बदलता का कधी?

म्हणून म्हणतो, आधी कडा बदला. योग्य मापाची फोमची रिंग, चिकट, स्पिरिट आणि एक संयमी रविवार. जुना फोम आणि डिंक पूर्ण खरवडायचा, कॉइल मधोमध राहील याची काळजी घ्यायची, रात्रभर वाळू द्यायचं. हात थरथरत असतील तर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा पेटंट प्रश्न येणारच. वेब सिरीजचे आठ एपिसोड एका बैठकीत बघणाऱ्यांनी तो विचारू नये :)

हां, कॉइल जळली असेल तर वूफर बदला, पण मूळ मॉडेलचा किंवा पॅरामीटर जुळणारा, आणि नाइलाजानं वेगळा घ्यावा लागला तर जोडीनं. डब्याचं लाकूडच पाणी पिऊन फुगलं असेल तर खुशाल निरोप द्या. पण निदान करून!

सरकारनं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. चांगलंच झालं. पण स्क्रू उघडायची इच्छाच नसलेल्या माणसाला हक्क देऊन काय उपयोग? "पार्ट मिळत नाही" असं काउंटरवरच्या पोऱ्यानं म्हटलं की आपण मान डोलावतो आणि नव्याची किंमत विचारतो. तो पोऱ्या विक्रेता आहे, डॉक्टर नाही.

असो. पुढच्या शनिवारी जाळी काढून एकदा आत बघा तरी.