बोटाने काढलेली सही आणि न दाखवलेला कागद

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीला एका कर्ज कंपनीचा मुलगा टॅब घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेल्या एका मावशीचा नंबर लागला. मावशी याच विहाराच्या ओसरीवर, साक्षरता वर्गात सही करायला शिकली. पहिले अक्षर काढताच पान वर सरकले. दुसऱ्यांदा बोटाखाली रेघ कुठे चालली तेच तिला दिसेना. मुलगा घाईत. म्हणाला, "मावशी, कशीही रेघ ओढा, चालतं." मावशीने हात मागे घेतला. "चालतं कसं? ही माझी सही न्हाई."

आम्ही कराराचा मजकूर मागितला. तो आधीच्या पानांवर होता, इंग्रजीत, आणि तिथल्या 'मान्य' या बटणावर बोट त्या मुलानेच ठेवले होते.

हे तंत्र समजायला अवघड नाही. ब्राउझरमध्ये 'कॅनव्हास' नावाची कोरी चौकट असते. बोट फिरेल तसे बिंदू जोडून तिच्यावर रेघ उमटते. त्या चौकटीत बोट फिरताना पान सरकू नये, यासाठी एखादी ओळ लिहिली तरी पुरते. तीही कोणी लिहिली नव्हती. का लिहावी? ती सही कोणी वाचणारच नसेल, तर नाव नीट उमटले काय, न उमटले काय! पुढे जपले जाते ते बहुतेकदा नुसते चित्र, आणि सुटे चित्र कोणत्याही मजकुराखाली चिकटवता येते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ३अ विश्वसनीय इलेक्ट्रॉनिक सहीच्या अटी सांगते. सही करताना साधन सही करणाऱ्याच्याच ताब्यात हवे आणि नंतर मजकुरात केलेला बदल पकडता आला पाहिजे. आमच्या ओसरीवरचा टॅब या कसोटीला उतरतो काय? पण म्हणून अशी सही कायद्यात शून्य, असेही कोणी समजू नये. कलम १०अ प्रमाणे करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला या कारणावरून रद्द ठरत नाही. हप्ता मावशीच्याच गळ्यात पडेल.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी पुणे करारावर सही केली. दडपण प्रचंड होते. तरी आपण कशाखाली सही करतो आहोत, १४८ जागा म्हणजे काय, हे त्यांना अक्षरन् अक्षर ठाऊक होते. आमच्या बायाबापड्यांना तेवढेही का मिळू नये? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मायक्रोफायनान्स निर्देशांतही कर्जाचा करार कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा असेच म्हटले आहे.

आपली कितीतरी मुले-मुली आज हिंजवडीत असलीच अ‍ॅप लिहितात. त्यांना आमचे सांगणे आहे: सहीची चौकट मजकुराच्या त्याच पानावर, त्याच्या खाली ठेवा. मराठीत वाचून दाखवायचे बटण द्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा दुय्यम मानू नका. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमही त्याची खूण सहीतच धरतो. आणि सही होताच पूर्ण कराराची प्रत सही करणाऱ्याच्या मोबाईलवर गेलीच पाहिजे. मॅनेजर म्हणेल, वेळ जातो. जाऊ द्या.

मावशीने त्या दिवशी सही केली नाही. मुलगा मंगळवारी छापील मराठी कागद आणतो म्हणून गेला आहे. तो आला की आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, असे गटात ठरले आहे. वाचणार मावशीची नात, आठवीतली.