आधी पदवी, मग संशोधन?

आपल्या मराठी घरांत एका वाक्याला कायद्याची प्रतिष्ठा लाभली आहे: 'आधी पदवी पदरात पडू दे, मग काय ते संशोधन कर.' बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाने अथवा मुलीने एखाद्या संशोधन-उपक्रमाचे नाव काढताच हे वाक्य उच्चारले जाते आणि विषय मिटतो. हे वाक्य शहाणपणाचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही राहतो त्या बाग सेवनियाचेच पाहा. एका अंगाला बरकतउल्ला विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला एम्स. हबीबगंज नाक्याच्या दिशेने निघावे, तर वाटेत प्रगत पदार्थ व प्रक्रियांची ती राष्ट्रीय संशोधन संस्था लागते, जिला जुने लोक अद्याप 'आर.आर.एल.'च म्हणतात. भौंरीला २००८ साली स्थापन झालेली आयसर आहे. एवढे सगळे गावात असूनही साध्या महाविद्यालयातल्या बी.एस्सी.च्या मुलाचा या संस्थांशी संबंध येतो तो बसच्या थांब्यापुरता.

शासकीय परिपत्रके वाचण्यात आमची हयात गेली, त्यामुळे या बाबतीतली व्यवस्थाही आम्ही बारकाईने वाचली. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आले, मध्य प्रदेशाने ते महाविद्यालयांतून २०२१ पासून लागू केले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा काढला. त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा घेता येते. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु परिणाम काय? संशोधन हे परीक्षेतील गुणांचे बक्षीस ठरले. तीन वर्षे पाठ करा, मग चौथ्या वर्षी प्रश्न विचारण्याची मुभा मिळेल! पाठांतरात ७४ टक्क्यांवर अडलेला, पण हाताने निष्णात असलेला मुलगा दाराबाहेरच राहिला.

'पहिल्या वर्षाच्या पोराला येते काय?' असा आक्षेप हमखास येतो. त्याला फारसे येत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. पण तीन वर्षांनी तरी काय येते? आपल्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिके आठवा. लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे असते; उत्तर ९.८ यायला हवे हे आधीच ठाऊक असते; मग त्या उत्तरावरून उलट हिशेब करून वहीत निरीक्षणे भरली जातात. ज्याचे उत्तर ९.३ येते आणि जो ते प्रामाणिकपणे लिहितो, त्याचे गुण कापले जातात. मागल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही पुढल्याच्या हाती येते, तिची नक्कल होते, सही मिळते. उत्तर ठाऊक असलेला प्रयोग वर्षानुवर्षे करवून आपण विज्ञान शिकवीत नाही, खोटे लिहिण्याचा सराव देतो. कोणालाच उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नाशी गाठ पडली, तरच निरीक्षण खरे लिहावे लागते. ही सवय लावायची तर अठराव्या वर्षीच लावली पाहिजे. एकविसाव्या वर्षापर्यंत दुसरी सवय मुरलेली असते. पहिल्या वर्षाच्या मुलाने प्रयोगशाळेत काचसामान धुवावे, तराजू जुळवावा, एकच मापन वीस वेळा घ्यावे, तारीख घालून वही लिहावी. यासाठी पदवी लागत नाही.

हे आमच्या मनचे मांडे नव्हेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ सालीच पदवीच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या संशोधनात घेणारा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे, मुंबईत मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाअखेरच मुले निवडून शिबिरे घेतली आणि पुढे त्यांना मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रकल्प दिले. त्याही आधी, १९२७ साली, फर्ग्युसनमधील दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. तेव्हा ते पदवीधरही नव्हते. पुढे आयुष्यभर शाळामास्तरकी करून त्यांनी ६१७४ या संख्येला आपले नाव दिले.

आपल्या माळव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, आणि मग अटी घालून घेतले. ज्या रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली, अठराव्या वर्षी, विद्यार्थी असतानाच प्रसिद्ध झाला होता, त्यांनीच दार अडवावे! कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. हे इतिहासजमा झाले असे मानू नये. आमच्या परिचयातील एका हुशार मुलीला सुट्टीतील प्रकल्पासाठी परगावी जाण्याची संधी होती. घरच्यांनी ती नाकारली. कारण काय, तर त्याच सुट्टीत स्पर्धा-परीक्षेच्या शिकवणीचे पैसे भरले होते.

१९५६ साली राजधानीबरोबर नागपूरहून आणि ग्वाल्हेर-इंदूरहून आपली कुटुंबे भोपाळात आली, ती कचेरीच्या भरवशावर. त्या भरवशाने घरे बांधली, मुले शिकवली. आम्हीही त्याच भाकरीवर वाढलो, तिला नावे ठेवणार नाही. परंतु जे धोरण निर्वासनाच्या चिंतेत योग्य होते, ते पक्क्या घरात राहणाऱ्या नातवंडांवर का लादावे? केंद्र सरकारने २००८ साली 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती आणली, तेव्हा वर्षाच्या ८०,००० रुपयांतील २०,००० उन्हाळी संशोधन-प्रकल्पासाठी राखले होते. घराघरांत चर्चा झाली ती उरलेल्या ६०,००० ची.

एक सावधगिरी मात्र हवी. शुल्क घेऊन सहा आठवड्यांत शोधनिबंधावर नाव छापून देणारी दुकाने हल्ली पुष्कळ निघाली आहेत. तिथे जाण्यापेक्षा मुलाने घरी झोपा काढलेल्या बऱ्या. खऱ्या मार्गदर्शकाची खूण सोपी आहे: तो पहिल्या दिवशी प्रमाणपत्राची गोष्ट काढत नाही, वही कोठे आहे ते विचारतो.

आणि वायुदुर्घटनेच्या या शहराला तरी पाणी-हवा मोजणारे तरुण हात नकोत काय? आमच्या वस्तीजवळ लहारपूरचा जलाशय आहे. त्याच्या पाण्याची दर पंधरवड्याला, वर्षभर, नोंद ठेवणे पहिल्या वर्षाच्या चार मुलांना सहज जमेल. प्रयोगशाळांतून निवृत्त झालेले रसायनज्ञ आपल्या मंडळात आहेत. त्यांनी शनिवारची सकाळ द्यावी. बाटल्या आणि वह्यांचा खर्च आम्ही सोसू.