खाणीत नोकरी हवी? आधी कोणता कागद चालतो ते बघा

जालना : जिल्ह्यात कोळसा नाही, लोहखनिज नाही. तरी आपल्या पोरांना खाणीच्या नोकरीची वाट बंद नाही. चंद्रपूर, वणी, नागपूर पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, गडचिरोलीत सुरजागडची लोहखाण आहे. प्रश्न एवढाच की तिथं माणूस कसला लागतो?

आताच्या उघड्या खाणीत कुदळ-फावडं कमी, यंत्रं जास्त. डंपर, पोकलेन, ड्रिल मशीन चालू ठेवायला फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक लागतात. हे ट्रेड आयटीआयचेच. वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. त्यासाठी वेगळा महागडा कोर्स कशाला? खाणीत जागा नाही मिळाली तरी हाच कागद जालन्याच्या स्टील कंपन्यांत कामी येतो.

सरदार, ओव्हरमन, ब्लास्टर या पदांचं मात्र तसं नाही. त्याला खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचं मुख्यालय धनबादला. खाणीतल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसेल तर ते मिळत नाही. ‘तीन महिन्यांत सुपरवायझर करून देतो’ म्हणणारा भेटला, तर पैसे मोजण्याआधी एकच विचारा : प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं?

आता घरचा विषय. सुरुंग लावून दगड काढणारी गावाशेजारची खदानसुद्धा 1952 च्या खाण कायद्याने खाणच ठरली. 1966 मध्ये खाण कामगारांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. कामावर घेण्याआधी माणसाला शिकवायचं, आणि ती सोय मालकाने करायची. 18 वर्षांखालच्या पोराला तर खाणीत कामाला लावताच येत नाही.

आपल्या ओळखीतले जे खदानीवर जातात, त्यातल्या किती जणांनी असं प्रशिक्षण घेतलंय, हे ज्याने त्याने मोजावं. सुरुंगाआधी किती लांब थांबायचं, न फुटलेल्या सुरुंगाजवळ का जायचं नाही, धुळीपासून छाती कशी सांभाळायची, एवढं माहीत नसल्यानं जीव जातो.

म्हणून खदानीवर हजेरी लावण्याआधी मुकादमाला मजुरीचा भाव विचारता, तसंच प्रशिक्षण कधी देणार हेही विचारा. चंद्रपूरच्या खाणीत जो नियम, तोच आपल्या शिवारातल्या खदानीला.